समुदाय सोडला, पण त्याची भीती आणि शिस्त अंगातून जात नाही

प्रश्न – 'उंबरठा'

ज्या धार्मिक समुदायात माझा जन्म झाला आणि तिशी उलटेपर्यंत जिथे माझे सगळे आयुष्य गेले, तो मी आणि माझ्या पतींनी काही काळापूर्वी सोडला. समुदायाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझे आईवडील आणि धाकटी बहीण अजून तिथेच आहेत, आणि माझा प्रश्न कोणत्याही एका धर्माविषयीचा नाही. उपासनेच्या वेळा, कपडे, वाचन, मैत्री, लग्न, कमाईतला वाटा, आजारपणात कोणाचा सल्ला घ्यायचा, या साऱ्याचे नियम जिथे आधीच ठरलेले असतात आणि सोडून गेलेल्याशी बोलणेसुद्धा जिथे निषिद्ध मानले जाते, अशा कुठल्याही समुदायातून बाहेर पडलेल्या माणसाला माझे म्हणणे समजेल असे मला वाटते.

आम्ही का बाहेर पडलो, यावर चर्चा नको आहे. तो निर्णय वर्षानुवर्षे विचार करून घेतला होता आणि त्याचा पश्चात्ताप होत नाही. अडचण अशी आहे की ज्या गोष्टींवरचा विश्वास पूर्णपणे उडाला, त्यांची भीती मात्र जशीच्या तशी राहिली आहे. मुलाला ताप आला की औषधाच्या आधी 'ही शिक्षा तर नसेल?' हा विचार येतो. पहाटेच्या उपासनेच्या वेळी अजूनही दचकून जाग येते आणि अंथरुणात पडून राहिले तर छातीत धडधडते. मग मी फोन उघडून आमच्या समुदायाच्या शिकवणुकीचे खंडन करणारे लेख पुन्हा पुन्हा वाचते. तेवढ्यापुरते बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसरी गोष्ट निर्णयांची. पूर्वी कोणताही पेच आला की ज्येष्ठांना विचारायचे, ते सांगतील ते करायचे, आणि परिणाम वाईट झाला तरी तो आपला दोष नसायचा. आता मुलाच्या शाळेपासून सुट्टीचा दिवस कसा घालवायचा इथपर्यंत सगळे स्वतः ठरवावे लागते आणि लहानशा निर्णयानंतरही मी थकून जाते. पती या विषयावर बोलणेच टाळतात. 'झाले ते झाले, आता पुढचे बघू' एवढेच त्यांचे म्हणणे असते.

आई माझ्याशी थेट बोलत नाही. बहिणीच्या हातून कधीतरी निरोप येतो, की परत आलीस तर सगळे विसरून जाऊ. मुलगा विचारतो, आजी-आजोबा आपल्याला का भेटत नाहीत, देव आपल्यावर रागावला आहे का. मला उत्तर देता येत नाही, कारण देव आहे की नाही हेच मला आज सांगता येत नाही. ओळखीचे लोक सहज विचारतात, 'मग आता तुम्ही काय मानता?' आणि मी गप्प होते. शिवाय एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. सामूहिक प्रार्थनेतले गायन मला फार आठवते. त्या शब्दांवर विश्वास नसताना त्या चाली गुणगुणणे हे ढोंग आहे का, हेही मला कळत नाही.

जे यातून गेले आहेत त्यांनी आपले रोजचे जगणे कसे उभे केले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर – 'पाऊलवाट'

ताई, मी स्वतः अशाच एका समुदायातून बाहेर पडलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. तुमच्या प्रश्नातला भीतीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून फक्त त्याविषयीच सविस्तर लिहितो.

विश्वास आणि भीती आपण एकत्रच शिकलो असलो तरी दोन्ही एकाच वाटेने जात नाहीत. विश्वास वाचनाने, प्रश्नांनी, तुलनेने ढासळतो. भीती मात्र अक्षरओळखही नसलेल्या वयात, मोठ्यांच्या आवाजातून आणि शिक्षेच्या गोष्टींतून अंगात मुरलेली असते, आणि ती युक्तिवादाला दाद देत नाही. म्हणून पहाटे तुम्हाला धडधडते याचा अर्थ तुमच्या मनाच्या तळाशी अजून श्रद्धा शिल्लक आहे, किंवा कोणती तरी शक्ती तुम्हाला परत बोलावते आहे, असा कृपा करून काढू नका. हा अर्थ आपल्याला समुदायातच शिकवलेला असतो, की सोडून गेलेल्याची अस्वस्थता हीच तो चुकल्याची खूण. प्रत्यक्षात ज्याला लहानपणापासून ठरावीक वेळी उठवले गेले आणि न उठल्यास धाक दाखवला गेला, त्याला त्या वेळी जाग येणार आणि त्या जागेसोबत धाकही येणार.

तुम्ही खंडनाचे लेख पुन्हा पुन्हा वाचता, हे मात्र मला काळजीचे वाटले. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात आणि डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्याचा एक प्रकार पाप-पुण्याच्या शंकांभोवती फिरतो. नकोसा विचार येतो, तो शमवण्यासाठी माणूस एखादी कृती करतो, क्षणभर सुटका होते, आणि त्या सुटकेमुळेच तो विचार पुढच्या वेळी अधिक बळ घेऊन येतो. तुम्हाला तो आजार आहे असे मी म्हणत नाही, ते तज्ज्ञच ठरवू शकतात, पण चक्र तेच आहे. पूर्वी प्रायश्चित्त करून भीती शमवली जायची, आता लेख वाचून शमवली जाते. लेखातले म्हणणे कितीही खरे असले तरी त्याचा उपयोग उताऱ्यासारखा होऊ लागला की भीती तिथेच राहते.

हे फक्त श्रद्धा सोडलेल्यांच्या वाट्याला येते असेही नाही. पुढे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची स्थापना करणारा इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मनरेसा या गावी राहत असताना अशाच शंकांनी पछाडलेला होता. आपल्या सगळ्या पापांची कबुली त्याने आधीच लेखी तयारी करून दिली होती, तरी काहीतरी सांगायचे राहिले असे त्याला वाटत राही. तो पुन्हा कबुली देई आणि पुन्हा अस्वस्थ होई, इतका की जीव देण्याचे विचारही त्याच्या मनात येऊन गेले. शेवटी, मागच्या पापांची कबुली यापुढे कधीही द्यायची नाही असा निश्चय त्याने केला आणि त्यानंतर त्याची त्या त्रासातून सुटका झाली, असे त्याच्या आत्मवृत्तात आले आहे. त्याची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ होती, तुमची उरलेली नाही, आणि तरी दोघांनाही उपयोगी पडणारी गोष्ट एकच आहे.

आजचे मानसोपचारही याच दिशेने जातात. भीती निर्माण करणारा प्रसंग टाळायचा नाही आणि ती शमवणारी ठरलेली कृतीही करायची नाही, म्हणजे भीती चढते, काही वेळ टिकते आणि आपोआप ओसरते, हे शरीराला हळूहळू कळते. मुलाला ताप आला तर थर्मामीटर लावा, डॉक्टरांना फोन करा, औषध द्या. शिक्षेचा विचार मनात येऊन बसला तर बसू द्या, त्याला उत्तर देऊ नका. पहाटे जाग आली तर उठून चालायला जा किंवा पडून राहा, पण फोन हातात घेऊ नका. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटेल. तो फारच वाढला, झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर एकटीने हे करू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच जा.

तज्ज्ञ निवडताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी नोंद आली आणि श्रद्धा गमावल्यामुळे होणारा त्रास तिच्यात स्पष्टपणे धरला गेला. ही नोंद आजारांत मोडत नाही, लक्ष देण्याजोग्या परिस्थितींत मोडते. जो समुपदेशक तुम्हाला पुन्हा श्रद्धेकडे वळवू पाहील, किंवा उलट उरलीसुरली श्रद्धा टाकून द्या म्हणून मागे लागेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

उत्तर – 'नवी वही'

वरचे उत्तर मला पूर्णपणे पटते, म्हणून भीतीविषयी काही लिहीत नाही. निर्णयांच्या थकव्याविषयी लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे आणि त्याविषयी फार थोडे बोलले जाते.

हेलन रोझ एबॉ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्वतः पूर्वी नन होत्या. मठ सोडल्यावर त्यांनी अशा लोकांचा अभ्यास केला ज्यांनी आयुष्य व्यापणारी एखादी भूमिका सोडली आहे. त्यांत मठ सोडलेल्या स्त्रिया होत्या, तसेच घटस्फोटित, पेशा सोडलेले डॉक्टर आणि दारू सोडलेले लोकही होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या प्रवासाचे चार टप्पे सांगितले आहेत. आधी शंका, मग पर्यायांचा शोध, मग निर्णायक वळण, आणि शेवटी 'पूर्वीची अमुक' ही नवी ओळख घडवणे. मला त्यातले महत्त्वाचे वाटले ते असे, की दार ओलांडल्यावर गोष्ट संपत नाही, चौथा टप्पा तिथून सुरू होतो आणि जुन्या भूमिकेचा काही अंश माणसात पुढेही राहतो. तुम्ही दमता, कारण तुम्ही या चौथ्या टप्प्याच्या ऐन मध्यावर आहात. त्यात तुमच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

समुदाय आपल्याकडून फक्त निवडीचा अधिकार घेत नव्हता, निवड चुकली तर येणारा दोषही तोच उचलत होता. बाहेर पडल्यावर अधिकार मिळाल्याचा आनंद होतो आणि दोषाचे ओझे नंतर जाणवते. मला उपयोगी पडले ते निर्णयांची दोन गटांत विभागणी करणे. जे निर्णय उद्या बदलता येतात, उदाहरणार्थ कपडे, केस, वाचन, सुट्टीचा दिवस, मुलाचा छंदवर्ग, ते पटकन घ्यायचे, कोणालाही न विचारता घ्यायचे, आणि आवडले नाहीत तर निमूट बदलायचे. हा सराव आहे, त्यात चुकायला जागा ठेवलेलीच असते. जे निर्णय फिरवता येत नाहीत ते, शक्य असेल तिथे, पुढे ढकलायचे. घर विकणे, सगळी पुंजी एका ठिकाणी गुंतवणे, कुटुंबाशी कायमचे संबंध तोडल्याचे जाहीर करणे, हे बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काळात करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या एखाद्या कडक गटात शिरणे हेही मी याच यादीत घालते. ज्याला लहानपणापासून प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर मिळाले आहे, त्याला उत्तरे नसलेली जागा फार दिवस सोसवत नाही. मग तो एखाद्या नव्या गुरूकडे, राजकीय विचाराकडे, प्रकृतिसाधनेच्या एखाद्या पंथाकडे किंवा धर्मविरोधाच्या गटाकडेही त्याच उत्कटतेने वळतो. गट कोणता आहे यापेक्षा तिथे तीन गोष्टी चालतात का, हे पाहावे. प्रश्न विचारता येतो का, पैसे आणि वेळ देण्याला नकार देता येतो का, आणि सोडून गेलेल्या माणसाविषयी तिथले लोक कसे बोलतात. तिसऱ्या गोष्टीतून मला सर्वांत जास्त कळले आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. समुदायातली माणसे आजारपणात रात्री-अपरात्री धावून येत होती, मृत्यूच्या वेळी सगळे हातात घेत होती, बाळंतिणीला एकटी पडू देत नव्हती. हे नाकारण्याचे कारण नाही. बाहेरच्या जगात ही सोय आपोआप मिळत नाही, ती जमवावी लागते आणि गरज पडण्याआधी जमवावी लागते. अडीअडचणीला रात्री कोणाला फोन करता येईल, हे त्या माणसांशी आधीच, स्पष्ट शब्दांत बोलून ठेवा. मला हे विचारताना फार संकोच वाटला होता, पण ज्यांना विचारले त्यांपैकी बहुतेकांना ते आपुलकीचे वाटले. आणि सामूहिक उपासनेचा जो दिवस रिकामा झाला आहे, त्या दिवशी, त्याच वेळी, दर आठवड्याला त्याच माणसांना भेटण्याचे काहीतरी ठरवा. वाचनमंडळ, गायनवर्ग, एखाद्या रुग्णालयातली सेवा, काहीही चालेल. छंद एकट्याने करता येतो. आपल्याला ओळखणारी आणि आपण आलो नाही तर चौकशी करणारी माणसे त्यातून मिळतीलच असे नाही.

उत्तर – 'अभ्यासिका'

'मग आता तुम्ही काय मानता?' या प्रश्नाला तुम्ही उत्तर द्यायलाच हवे, असे कोणी ठरवले? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या कलम १८ मध्ये धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. पुढे १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याच विषयावर भाष्य करताना, आपले विचार किंवा श्रद्धा उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे म्हटले आणि कोणतीही श्रद्धा न बाळगण्याच्या हक्कालाही संरक्षण आहे हे नोंदवले. शेजाऱ्याच्या सहज प्रश्नापुढे कायद्याचा आधार घ्यावा असे मी सुचवत नाही. पण 'माझे अजून ठरलेले नाही' हे संपूर्ण उत्तर आहे आणि ते देताना अपराधी वाटण्याचे कारण नाही, एवढे मनाशी पक्के असावे.

या बाबतीत ॲमस्टरडॅममधल्या सतराव्या शतकातल्या ज्यू समुदायातील दोन माणसांची आठवण होते. पुढे तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेल्या बारूख स्पिनोझाला २७ जुलै १६५६ रोजी, तो तेवीस वर्षांचा असताना, समुदायाने बहिष्कृत केले. त्याच्याशी कोणी तोंडी किंवा लेखी व्यवहार करू नये, त्याच्यासोबत एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेले वाचू नये, अशी ती आज्ञा होती. स्पिनोझाने नंतर दुसरा कोणताही धर्म स्वीकारला नाही, आणि त्या काळी कोणत्याच धार्मिक समुदायाचा नसलेला माणूस ही जवळजवळ कल्पनेपलीकडची गोष्ट होती. त्याने भिंगे घासण्याचे काम केले आणि १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापकपद चालून आले तेव्हा आपल्या विचारस्वातंत्र्यावर मर्यादा येईल म्हणून ते नाकारले. मात्र तो एकाकी राहिला नाही, हे आपण विसरतो. पुरोहित नसलेल्या, मोकळेपणाने चर्चा करणाऱ्या कॉलेजियंट नावाच्या ख्रिस्ती गटात त्याचे मित्र होते, आणि त्यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार आणि वादसंवाद सतत चालू होता.

त्याच्या आधीच्या पिढीत उरिएल दा कोस्टा यालाही असेच बहिष्कृत केले गेले होते. त्याचे विचार धाडसात कमी नव्हते, पण त्याच्या भोवती माणसे उरली नाहीत. एकटेपण असह्य होऊन तो समुदायात परतला, पुन्हा बहिष्कृत झाला, कित्येक वर्षे एकटा राहिला, आणि १६४० साली जाहीर माफी मागून व फटके खाऊन पुन्हा आत घेतला गेला. त्या मानहानीनंतर त्याने स्वतःचे जीवन संपवले. त्याच्या मतांचे खंडन करण्यात त्याच्या विरोधकांना यश आले म्हणून तो परतला नव्हता. बोलायला कोणी नव्हते म्हणून परतला होता. म्हणून ताई, देव आहे की नाही याचा निकाल लावण्याची घाई तुम्ही करू नये आणि माणसे जोडण्याच्या कामात मात्र उशीर करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आईच्या अबोल्याने तुम्हाला जे दुखते, त्याविषयीही एक गोष्ट सांगतो. सामाजिक बहिष्काराचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकावरचा चेंडूफेकीचा एक साधा खेळ वापरून प्रयोग केले. खेळात काही वेळाने बाकीचे खेळाडू तुमच्याकडे चेंडू टाकणेच बंद करतात. एवढ्यानेही लोकांना दुखावल्यासारखे होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात समोर माणसे नसून फक्त संगणक आहे हे आधीच सांगितलेले असतानाही सहभागींना वगळले गेल्याचा त्रास झाला. यंत्राने वगळले तरी जर माणूस दुखावतो, तर आईने वगळल्यावर 'मला त्या नियमांचे काही वाटत नाही' असे म्हणून दुःख नाहीसे होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

गायनाविषयी माझे मत असे, की तुम्ही जरूर गावे. प्रार्थनेच्या चाली, सूर, अनेक आवाज एकत्र मिसळण्याचा अनुभव ही तुमच्या बालपणाची संपत्ती आहे, समुदायाची मालमत्ता नव्हे. ढोंग तेव्हा होईल, जेव्हा तुम्ही समोरच्याला आपण श्रद्धेने गात आहोत असे भासवाल. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी गाताना तुम्ही कोणालाच काही भासवत नसता. काही शब्द गळ्याशी अडत असतील तर नुसती चाल गुणगुणा.

उत्तर – 'मागे राहिलेली'

मी कडक समुदायातच राहते आणि राहणार आहे. माझा भाऊ सोडून गेला. इथे बहुतेक सगळे बाहेर पडलेले लोक लिहीत आहेत, म्हणून आतल्या बाजूने दिसते ते सांगण्याची परवानगी घेते.

सोडून गेलेल्याविषयी आम्हाला सांगितले जाते की तो सुखी होऊ शकत नाही, त्याचे घर मोडेल, तो व्यसनी होईल, आणि एक दिवस पश्चात्ताप पावून परत येईल. भाऊ सुरुवातीला जी पत्रे पाठवत असे, त्यांत आमच्या शिकवणुकीतल्या विसंगतींवर पानेच्या पाने असत. ती वाचून आमची आई रडत असे आणि तिला सांगितलेले खरेच आहे अशी तिची खात्री होत असे, कारण त्या पत्रांत राग होता आणि राग म्हणजे दुःखाची खूण असे ती समजत होती. पुढे त्याने वाद घालणे सोडले. तो कुठे राहतो, काय काम करतो, मुले काय शिकतात, कोण आजारी होते आणि बरे झाले, एवढेच लिहू लागला. त्या पत्रांना आईने उत्तर दिले नाही, पण ती तिने जपून ठेवली आहेत. यापेक्षा जास्त काही घडलेले नाही आणि मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. परंतु आईच्या अबोल्याचा अर्थ तिचे प्रेम संपले असा घेऊ नका. तुमच्याशी बोलल्याचे कळले तर तिला स्वतःला काय सोसावे लागेल, हे तुम्ही माझ्याइतकेच जाणता.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या बहिणीला निरोप्या करू नका. दोन्हीकडचा राग तिच्याच अंगावर पडतो, आणि तिच्यावर संशय आला तर तिचे लग्न, तिच्या मैत्रिणी, सगळेच धोक्यात येते. आईला काही सांगायचे असेल ते थेट लिहा, उत्तर आले नाही तरी लिहा. बहिणीशी बोलाल तेव्हा तिच्याविषयीच बोला. तिला काय हवे आहे, हे तिला क्वचितच कोणी विचारत असेल.

परत येण्याच्या अटीला तुम्ही होकार द्यावा असे मी म्हणणार नाही, जरी माझ्या श्रद्धेप्रमाणे मला तसे वाटायला हवे. भीतीपोटी परत आलेली माणसे मी पाहिली आहेत. ती आमच्यात असतात, पण कोणाच्याच जवळ नसतात.

'उंबरठा'

सर्वांचे मनापासून आभार. लेख वाचण्याविषयी 'पाऊलवाट' यांनी जे लिहिले ते वाचून मी अस्वस्थ झाले, कारण ते खरे आहे. मी त्याला अभ्यास म्हणत होते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचे ठरवले आहे आणि एका समुपदेशकांची वेळही घेतली आहे.

'मागे राहिलेली' यांचे उत्तर मी अनेकदा वाचले. बहिणीच्या बाजूने मी हा विचार कधी केला नव्हता. आईला मी स्वतः पत्र लिहीन आणि त्यात फक्त घरची हकिकत असेल. तुम्ही हे लिहिण्यासाठी जो धोका पत्करलात त्याची मला जाणीव आहे.

मुलाच्या प्रश्नाचे मात्र अजून उत्तर सापडत नाही. 'देव रागावला आहे का' असे तो विचारतो तेव्हा 'देव नाही' असे सांगण्याइतकी माझी खात्री नाही, आणि 'देव तुझ्यावर प्रेम करतो' असे सांगितले तर मी न पटलेली गोष्ट त्याच्या मनात घालते आहे असे वाटते. पतींशी यावर एकमत होणे तर दूरच, बोलणेही होत नाही.

उत्तर – 'नवी वही'

ताई, लहान मूल 'देव रागावला आहे का' असे विचारते, तेव्हा बहुतेक वेळा त्याला देवाविषयीची माहिती नको असते. माझ्यामुळे काही बिघडले का, आणि आजी-आजोबांप्रमाणे तुम्हीही मला सोडून जाल का, हे त्याला विचारायचे असते. या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्याकडे आजही आहेत आणि ती शंभर टक्के खरी आहेत. 'तुझी काहीच चूक नाही. आजी-आजोबांच्या घरचे नियम वेगळे आहेत आणि त्या नियमांमुळे ते भेटत नाहीत. आम्ही कुठेही जाणार नाही आणि तू मोठा होऊन आमच्यापेक्षा वेगळा विचार केलास तरी आम्ही तुझ्याशी बोलायचे थांबणार नाही.' हे एकदा सांगून भागत नाही. तो पुन्हा विचारील, तेव्हा तेच शब्द पुन्हा वापरा, म्हणजे उत्तर बदललेले नाही हे त्याला कळेल.

देवाविषयी नेमके विचारलेच, तर वेगवेगळी माणसे वेगवेगळे मानतात, आई अजून विचार करते आहे आणि तूही करू शकतोस, असे सांगायला हरकत नाही. आपल्याला लहानपणी 'मला माहीत नाही' असे म्हणणारी मोठी माणसे भेटली नव्हती, म्हणून ते वाक्य आपल्याला अपुरे वाटते. माझ्या मुलीला ते कधीच अपुरे वाटले नाही.

पतींशी 'श्रद्धा' या विषयावर बोलायचा प्रयत्न तूर्त सोडून द्या. त्यांना मुलाचा हा नेमका प्रश्न सांगा आणि वरचे तीन वाक्यांचे उत्तर दाखवून यातले कोणते वाक्य बदलावेसे वाटते एवढेच विचारा. दोघांचे उत्तर एकसारखे असणे मुलाच्या दृष्टीने गरजेचे आहे, आणि तेवढ्यापुरते बोलणे त्यांनाही जमण्यासारखे आहे.